चाकू जवळ असावा, पण कशासाठी?

पुरुषांच्या कपड्यांना खिसेच खिसे. शर्टाला एक, पँटला चार. किल्ल्या, पेन, तंबाखूची पुडी, चाकू, सगळं त्यांच्या अंगावर मावतं. आपल्या साडीला खिसा नाही. पंजाबी ड्रेसला शिवून मागितला, तर शिंपी म्हणतो, "ताई, फिटिंग बिघडते ना!" मग सगळा संसार पर्समध्ये, आणि पर्समधलं हवं ते वेळेवर सापडेल तर शपथ.

आपल्या आज्या या बाबतीत जास्त हुशार होत्या. त्यांच्या कमरेला चंची असायची. तिच्यात पान, सुपारी, काथ, चुन्याची डबी आणि अडकित्ता. ही धारेची वस्तू अंगावर बाळगून त्या वावरात जायच्या, लग्नाला जायच्या, एसटीने माहेरी जायच्या. "बाई, हत्यार कशाला घेऊन फिरता?" असं त्यांना कुणी विचारलं नाही. बाळंतिणीच्या उशाशी विळा नाही तर सुरी ठेवायची पद्धतही आपल्याकडे होतीच. म्हणजे बाईला पात्याचं वावडं कधीच नव्हतं. मग आज पर्समधून छोटा चाकू काढला, की शेजारची बाई दचकते का?

मी गेली कित्येक वर्षं घडीचा चाकू जवळ ठेवते. बचत गटांच्या कामाला गावोगाव जावं लागतं. पोत्याची सुतळी कापायची, पुस्तकांचं पार्सल उघडायचं, बैठकीत आलेले पेरू चिरायचे, कुणाला लागलं तर पट्टीचं कापड फाडायचं. दिवसातून दोनदा तरी तो निघतोच. शिवाय आमच्या नागपुरात उन्हाळाभर पोरी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटी चालवतात. दुपट्ट्याचं टोक किंवा पदर चाकात गेला, की गळ्याला फास बसतो. अशा वेळी ओढाताण करत बसण्यापेक्षा कापड सरळ कापून टाकणं बरं. 'स्विस नाईफ' म्हणून जो प्रसिद्ध आहे, तोही मुळात कामाचाच. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सैनिकांना तो मिळू लागला, तेव्हा जेवणाचे डबे उघडायला आणि बंदुकीचे भाग खोलायला तो उपयोगी पडायचा.

आता ठेवायचा कसा? स्वयंपाकघरातली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये टाकू नका. कागद फाटतो आणि घाईत हात घातला की बोटच कापतं. चाकू घडीचाच घ्यावा. पातं अडीच-तीन इंचांचं पुरे, आणि उघडल्यावर जागच्या जागी पक्कं बसणारं असावं, नाही तर कापताना ते आपल्याच बोटांवर मिटतं. पर्सच्या बाहेरच्या चेनच्या कप्प्यात त्याची जागा ठरवून टाका. रोज तिथेच, दुसरीकडे नाही. ब्लाउजमध्ये किंवा कमरेला खोचू नका. वाकलं, बसलं, गर्दीत रेटारेटी झाली की इजा आपल्यालाच. लिंबू किंवा कैरी चिरली तर लगेच पुसा, महिन्यातून एकदा बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. आणि दुसऱ्याला देताना मिटूनच द्या. सुरी हातात दिली की भांडण होतं, खाली ठेवून द्यावी, असं जुन्या बायका म्हणायच्या. भांडणाचं माहीत नाही, पण बोटं नक्की वाचत असतील!

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल आणि ते घरकामाचं, शेतीचं नसेल, तर शस्त्रांच्या नियमांत ते हत्यारात मोजलं जातं. आपला छोटा चाकू त्यात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई हुकूम काढतात. त्यात काठी, चाकू सगळं येऊ शकतं. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही. कोर्टात, परीक्षेच्या हॉलमध्ये जाताना तो घरी ठेवलेलाच बरा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरा प्रश्न पुढे आहे. चाकू म्हटलं की बायकांच्या मनात दुसरंच असतं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतलं ते भयंकर प्रकरण घडलं आणि जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत बायकांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटले. संताप समजण्यासारखा होता. पण मला तेव्हाही ते पटलं नाही, आजही पटत नाही. अंधारात मागून कुणी हात धरला, तर पर्सची चेन उघडून, चाकू शोधून, पातं उघडायला वेळ कुठला? आणि समोरचा ताकदीचा असेल तर तोच चाकू त्याच्या हातात जातो. त्यापेक्षा ओरडणं, हाताला हिसडा देऊन पळणं, ११२ नंबर फिरवणं हे आधी सुचायला हवं.

नागपूरकरणीला तर चाकू म्हटलं की १३ ऑगस्ट २००४ आठवतो. कस्तुरबा नगर वस्तीला वर्षानुवर्षं छळणारा अक्कू यादव जिल्हा न्यायालयात आणला होता. वस्तीतल्या बायका तिखट आणि भाजी चिरायच्या सुऱ्या घेऊन आत शिरल्या आणि तो कोर्टातच मेला. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुढे '२०० हल्ला हो' हा त्यावरचा सिनेमाही २०२१ मध्ये आला. या बायकांना शाबासकी द्यायची की नाही, यावर आमच्या गटात अजून वाद होतात. मी एवढंच विचारते, की त्या सुऱ्या पदराखाली आल्या कशा? वस्तीने पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या, त्यांची दाद लागली नाही. कायद्याने आपल्याला स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, बलात्काराच्या हल्ल्यात समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. मात्र पोलिसांचं संरक्षण घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क मिळत नाही, असंही तोच कायदा म्हणतो. संरक्षण मागून मागून थकलेल्या बाईने या वाक्याचं काय करावं?

म्हणून मुलीच्या हातात चाकू देऊन मोकळ्या होणाऱ्या आयांची मला काळजी वाटते. "दिला ना तिले चाकू, आता घाबराचं काय काम?" असं एक मावशी बैठकीत म्हणाल्या. त्यांची मुलगी तालुक्याच्या कॉलेजातून शेवटच्या बसने येते. फाट्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत. मी म्हटलं, चाकू राहू द्या, पेरू चिरायला कामी येईल. पण उद्या संध्याकाळी तुम्ही स्वतः फाट्यावर जा आणि तिच्यासोबत चालत या. कोणत्या खांबावर दिवा नाही, दारूचं दुकान कुठे लागतं, टोळकं कुठे बसतं, सगळं कागदावर उतरवा. त्या गेल्या. अकरा खांबांपैकी आठ बंद होते. अर्जावर एकोणतीस बायकांच्या सह्या झाल्या आहेत, आणि येत्या ग्रामसभेत तो वाचायला मावशीच उभ्या राहणार आहेत.