पाहुणा पियानोवादक आणि व्हायोलिनच्या खुर्च्या

मुंबईत नरिमन पॉइंटला वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या सुमारास, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा संगीत-हंगाम भरतो. पहिला आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाच्या दिवसांत येतो, तर दुसरा वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेच्या आगेमागे. ‘एनसीपीए’च्या जमशेद भाभा नाट्यगृहात ११०९ आसने आहेत. हंगाम जवळ आला की इंग्रजी दैनिकांतून पाहुण्या कलावंताचे मोठे छायाचित्र झळकते आणि तो कोणती रचना सादर करणार याची चर्चा रंगते. त्या पाहुण्याच्या मागे अर्धवर्तुळात ऐंशी-नव्वद वादक बसलेले असतात. ते कोण आहेत आणि कोठून आले आहेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस मात्र आज त्याच खुर्च्यांविषयी लिहावयाचे आहे.

धर्मप्रांताच्या बातमीपत्राने या विषयात का पडावे, असे काही वाचकांस वाटेल. त्याचे कारण साधे आहे. एके काळी मुंबईतील वाद्यवृंदांच्या कितीतरी खुर्च्यांवर आपल्यासारख्याच धर्मग्रामांतून आलेले, देवळातील गायनवृंदात सूर ओळखावयास शिकलेले लोक बसत असत. आज भारताचे नाव धारण करणाऱ्या ऑर्केस्ट्रातील बहुसंख्य खुर्च्या परदेशी वादकांनी भराव्या लागतात. या दोन काळांच्या मध्ये काय घडले, हे पाहावे लागेल.

हा ऑर्केस्ट्रा २००६ साली स्थापन झाला. ‘एनसीपीए’चे अध्यक्ष खुश्रू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेन्गालिएव्ह यांचे वादन लंडनमध्ये ऐकले आणि त्यांना मुंबईत येऊन ऑर्केस्ट्रा उभारण्याची गळ घातली. बिसेन्गालिएव्ह संगीत-दिग्दर्शक झाले. वर्षभर मुंबईत राहून काम करणारा वादकांचा एक छोटा गट तयार करण्यात आला. हंगामाच्या वेळी कझाकस्तानातून व इतर देशांतून वादक येऊन त्याला मिळतात आणि मग पूर्ण ऑर्केस्ट्रा उभा राहतो. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. ज्या देशात पुरेसे वादकच नाहीत तेथे दुसरा मार्ग कोणता होता? या ऑर्केस्ट्राने २०१६ साली स्वित्झर्लंडचा आणि २०१९ साली ब्रिटनचा दौरा केला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे सुपुत्र झुबिन मेहता यांनी मुंबईत त्याचे संचालन केले. माझगावच्या सेंट मेरीज या येशूसंघीय शाळेचे हे विद्यार्थी. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. म्हणजे ही वाट मुंबईला नवीन नव्हती, मध्यंतरी मोडली होती इतकेच.

अशा मैफलीला जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साधारणपणे प्रारंभी एक छोटी रचना होते, मग कॉन्चेर्टो, मग मध्यंतर आणि शेवटी सिंफनी. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि संपूर्ण ऑर्केस्ट्रा यांचा संवाद. त्याचे बहुधा तीन भाग असतात, दोन जलद आणि मधला संथ. (भाग संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. पहिल्या खेपेस आम्ही वाजवल्या होत्या.) पाहुणा एकलवादक येतो तो या कॉन्चेर्टोसाठी. तो दोन-तीन दिवस आधी पोहोचतो, तालमी करतो, आपला भाग बहुधा पाठ वाजवतो आणि मैफल झाली की पुढच्या शहरी जातो. आपल्या वाचकांस हे अपरिचित नाही. सणाच्या नोव्हेनाला आपण बाहेरून नामांकित प्रवचनकार बोलावतो. नऊ दिवस देऊळ ओसंडून वाहते, लोक भारावतात आणि दहाव्या दिवशी ते धर्मगुरू आपल्या गावी परततात. नोव्हेना त्यांच्या नावाने गाजते, पण धर्मग्राम चालतो तो रोज सकाळी सहाच्या मिस्साला पहिल्या बाकावर बसणाऱ्यांच्या बळावर. ऑर्केस्ट्राचेही तसेच आहे.

आता या ऑर्केस्ट्राकडे आजवर आलेल्या काही पाहुण्यांची नावे पाहा: मारिया जुआंव पिरेश, स्टीफन कोवासेविच, बॅरी डग्लस, बेंजामिन ग्रोव्हनर. हे सारे पियानोवादक. ऑगस्तँ द्युमे आणि अलिना इब्राहिमोवा यांच्यासारखे व्हायोलिनवादकही आले, परंतु पियानोचा मान मोठा. आणि आमच्या मते सगळी मेख येथेच आहे. पूर्ण आकाराच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिने १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १० आणि डबल बास ८ अशी सुमारे ६० तंतुवाद्ये असतात. त्यांच्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही फुंकवाद्ये आणि त्याही मागे टिंपनी. पियानोला मात्र बहुतेक सिंफनींत जागाच नसते. तो लागतो कॉन्चेर्टोला, आणि तेव्हा तो वाजवण्यास पाहुणा येतो.

आपली मुले काय शिकतात? वसई, वांद्रे, मालाड, कोठेही पाहा: पियानो, कीबोर्ड आणि गिटार. ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांना आपल्या घरांतून मुले बसतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात आणि आईवडिलांस रास्त अभिमान वाटतो. त्या श्रमांचा आम्हांस उपहास करावयाचा नाही. परंतु ज्या एका खुर्चीवर जगातील निवडक मंडळीच बसू शकतात त्या खुर्चीच्या दिशेने आपण सगळी मुले पाठवीत आहोत, आणि ज्या साठ खुर्च्यांवर एखादा चांगला, कष्टाळू, नोटेशन वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी बसून सन्मानाने पोट भरू शकेल, तिकडे जवळजवळ कोणीच जात नाही. पियानो एकट्याने वाजवता येतो. व्हायोला एकट्याने वाजवण्यात फारशी मौज नाही. त्याला शेजारी माणूस लागतो. जे वाद्य शेजाऱ्याशिवाय अपुरे पडते ते आपल्या सामुदायिक म्हणवणाऱ्या जीवनातून आधी नाहीसे व्हावे, याचा आम्हांस विषाद वाटतो.

पूर्वी असे नव्हते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात देवळाला जोडून धर्मग्रामाची शाळा असे. तेथील ‘मेस्त’ मुलांना अक्षरांबरोबर सूरलेखन वाचावयास, गायनवृंदात गावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवी. त्या शाळांतून निघालेली मुले पुढे पोटासाठी मुंबईस आली, धोबीतलावच्या कुडांत राहिली आणि मूकपटांच्या साथीपासून हॉटेलांतील बँडपर्यंत सर्वत्र वाजवू लागली. चित्रपटसृष्टी बोलू लागली तेव्हा तिला अशीच माणसे हवी होती: कागद समोर ठेवला की पहिल्याच वाचनात वाजवणारी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ - २०१२) त्यांपैकी एक. त्यांचे वडील गावच्या देवळात गायनवृंदाचे शिक्षक होते. संगीतकार प्यारेलाल हे अँथनी यांचे व्हायोलिनचे शिष्य; १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील ज्या गीताने हे नाव घरोघरी पोहोचवले, ते या गुरूंच्या स्मरणार्थ रचले गेले. परंतु गोन्साल्विस यांचे मोठे काम वेगळे आहे. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक कलावंतांस बसवून रागदारीवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. त्या मैफलीच्या एकल गायिका होत्या लता मंगेशकर आणि गायक मन्ना डे. पुढे उभे राहणारेही आपलेच आणि मागे बसणारेही आपलेच, असा तो प्रसंग होता. पैशाअभावी तो उपक्रम टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले.

खुर्च्या रिकाम्या होण्याचे मुख्य कारण भक्ती आटली हे नसून रोजगार आटला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९८० नंतर ध्वनिमुद्रणात सिंथेसायझर आला. जेथे तीस व्हायोलिने लागत तेथे एक माणूस आणि एक यंत्र पुरू लागले. ज्या बापाने व्हायोलिनवर चार मुलांची शिक्षणे केली त्यानेच पाचव्याला सांगितले की हा धंदा आता नको. त्याचे चुकले असे कोण म्हणेल? देवळानेही तेच यंत्र आपलेसे केले. गायनवृंदाच्या जागी एक कीबोर्ड आला आणि त्यातील तयार ठेक्यावर ‘पवित्र, पवित्र’ म्हटले जाऊ लागले. १९०३ साली पोप संत दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो वाजवण्यासही मनाई केली होती. आमचे काही रविवारचे ठेके ऐकून त्या पुण्यात्म्याने काय केले असते, कोण जाणे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपण मराठीत उपासना करू लागलो, रेव्हरंड टिळकांची भजने म्हणू लागलो, देवळात तबला-पेटी आली. हे सर्व कष्टाने मिळवलेले असताना पुन्हा पाश्चात्त्यांच्या व्हायोलिनकडे का वळावे? आमचे उत्तर असे की परिषदेचे उपासनेविषयीचे संविधान (४ डिसेंबर १९६३) आपण अर्धेच वाचले. त्याच्या सहाव्या अध्यायात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्या असे ११९ व्या परिच्छेदात म्हटले आहे, ते आपण उचलले आणि बरे केले. परंतु त्याच अध्यायाचा ११५ वा परिच्छेद सेमिनरींत, व्रतस्थांच्या गृहांत आणि कॅथलिक शाळांत संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व द्यावयास सांगतो. तो बाजूला राहिला. तबला असो वा व्हायोलिन, आज नीट शिकवले जात आहे काय, हा खरा प्रश्न आहे. पाश्चात्त्य की देशी, हा वाद बहुधा दोहोंपैकी काहीच न शिकवणारेच घालतात.

दोन्ही एकत्र नांदू शकतात हे याच ऑर्केस्ट्राने दाखवले. २०१५ साली उस्ताद झाकीर हुसेन यांनी त्याच्यासाठी तबला आणि ऑर्केस्ट्रा यांचा ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो रचला आणि स्वतः वाजवला. परदेश दौऱ्यांतही तो गाजला. डिसेंबर २०२४ मध्ये ते निवर्तले. माहीमच्या सेंट मायकल शाळेचे ते विद्यार्थी. पहाटे वडिलांकडून तालाचे धडे, मग मदरशात कुराणपठण आणि त्यानंतर शाळेतील ख्रिस्ती प्रार्थनागीते, असा आपला बालपणीचा दिवस असे, हे ते आवर्जून सांगत. रोज पहाटे उठवून शिकवणारा कोणी घरात होता, ही गोष्ट आम्हांस यात सर्वांत मोलाची वाटते.

ऑर्केस्ट्राच्या चालकांनाही ही उणीव ठाऊक आहे. २०१२ साली त्यांनी स्वतःची संगीत अकादमी काढली. रशियन पद्धतीने तेथे मुलांना वाद्याबरोबर सूरवाचन, संगीतशास्त्र आणि समूहवादन शिकवले जाते. काम चांगले आहे, पण ते नरिमन पॉइंटला आहे. वसईहून चर्चगेट सुमारे ५० किलोमीटर, आणि विरार लोकलमध्ये संध्याकाळच्या गर्दीत चेलो घेऊन चढणारे मूल आम्ही अजून पाहिलेले नाही. आठवड्यातून तीनदा हा प्रवास कोणत्या आईने करावा? जुन्या गोव्याचे शहाणपण यातच होते की शाळा देवळाच्या भिंतीला लागून असे आणि मूल चालत जाई.

आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामात गायनवृंदाच्या कपाटात दोन व्हायोलिने पडून आहेत. एकीला तारा नाहीत, दुसरीचा गज तुटला आहे. काही वर्षांपूर्वी तेथील धर्मग्राम समितीपुढे शनिवारी दुपारी व्हायोलिनचा वर्ग सुरू करण्याचा ठराव आला होता. शिक्षकाच्या मानधनाचा प्रश्न निघाला आणि ठराव पुढे ढकलला गेला; त्याच बैठकीत नवे ध्वनिक्षेपक घेण्यास मंजुरी मिळाली. आम्ही स्वतः त्या बैठकीस होतो आणि ध्वनिक्षेपकांच्या बाजूने हात वर केला होता, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

मुलांसाठी पाव, अर्धे आणि पाऊण आकाराची व्हायोलिने मिळतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला अर्धे किंवा त्याहून लहान पुरते, आणि ते मोठे झाले की तेच वाद्य खालच्या मुलाकडे जाऊ शकते. म्हणजे एका धर्मग्रामाने सहा वाद्ये घेतली तर ती पुढील पुष्कळ वर्षे फिरत राहतील. वादक मंडळी आपल्यांतच आहेत: चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून निवृत्त झालेली, घरी बसलेली, कोणी विचारील म्हणून वाट पाहणारी. आपल्या धर्मप्रांतात एखाद्या देवळात असा तंतुवाद्यांचा वर्ग सध्या चालू असेल, किंवा शिकवण्यास कोणी ज्येष्ठ वादक तयार असतील, तर प्रमुख धर्मगुरूंमार्फत आम्हांस कळवावे. पत्ते, वारवेळा आणि वाद्यांची गरज आम्ही याच पानावर प्रसिद्ध करू. वरील दोन व्हायोलिनांपैकी तारा नसलेली दुरुस्तीस दिली आहे.