ऑपरेशननंतर हात जपा, पण जखडू नका

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बाई घरी आली, की सारं घर तिच्या दिमतीला लागतं. सासूबाई बजावतात, "हात अजिबात हलवू नकोस गं, टाके उसवतील!" नणंद पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देते. माया खरीच, पण हिच्यापायी महिन्याभरात खांदा असा आखडतो, की वेणीसुद्धा दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागते. आणि मामला नुसता वेणीचा नाही. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन घ्यायचं असेल, तर हात डोक्यावर नेऊन निश्चल पडून राहावं लागतं. हातच वर जात नसेल तर शेक रखडतो.

म्हणून व्यायाम हा उपचाराचाच भाग समजा. बरं झाल्यावर करायची हौस नव्हे. इंग्लंडमध्ये खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रियांची पाहणी झाली, ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांतच ज्यांना फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवायला घेतला, त्यांचे हात वर्षभरानंतर इतरांपेक्षा चांगले चालत होते आणि दुखणंही कमी होतं.

मूठ उघडणं-मिटणं, मनगट फिरवणं, कोपर दुमडणं हे बहुधा दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होतं. ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर मात्र नेऊ नये. प्लास्टिक सर्जरीही झाली असेल तर नियम वेगळे, ते सर्जनलाच विचारा. नळी निघाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की भिंतीचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहा, बोटांनी मुंगीसारखं वर चढा, ताण जाणवला की थांबा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. दोन-चार दिवसांनी खूण बोटभर वर सरकली की जो हुरूप येतो, तो कुठल्या टॉनिकने येत नाही! भिंत खराब होते म्हणून घरच्यांनी कुरकुर करू नये. रंग काय, पुन्हा देता येतो.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, कधीकधी वर्षांनंतरही. बांगड्या घट्ट होऊ लागल्या, ब्लाऊजची बाही रुतू लागली, की ती पहिली सूचना माना आणि ताबडतोब दाखवा. विळीने कापणं, तेलाचा चटका यांपासून तो हात जपा. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाण्याची भरलेली बादली सुरुवातीचे काही आठवडे दुसऱ्याने उचलावी. पण "जन्मभर वजन उचलायचं नाही" हा समज आता मागे पडला आहे. अमेरिकेत २००९ साली सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत गेलेल्यांची सूज त्यामुळे वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

केमोच्या दिवसांतला थकवा निराळाच. तो झोपून जात नाही. अंगणात, गच्चीवर, दहा मिनिटं का होईना, चालावं. ताप, धाप, छातीत दुखणं, चक्कर असेल तर त्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टरांना फोन. आजार हाडांत पोचला असेल किंवा रक्त फार उतरलं असेल तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. आणि हो, "व्यायाम चांगला ना, मग पोळ्या कर" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ओट्याशी दोन तास राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात खांदा वर जातो कुठे?

बहुतेक वेळा डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या लिहिलेल्या असतात, व्यायाम नसतो. तेव्हा घरी निघण्यापूर्वीच विचारा: फिजिओथेरपिस्टला कधी भेटायचं? कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा? आमच्या गावाजवळ कोण शिकवील? बरोबर यजमान किंवा मुलगी असेल तर त्यांनाही व्यायाम पाहून घेऊ द्या. ऑपरेशनची तारीख ठरली असेल आणि अजून अवकाश असेल, तर आधीच जाऊन शिकून घेतलंत तर फारच उत्तम. तेव्हा हात दुखत नसतो आणि सांगितलेलं ध्यानात राहतं.