विंचू, नोंदवही आणि स्वस्त गोळी

अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाला नामांकित खेळाडू परवडत नव्हते. मग फटका किती देखणा हे न पाहता, खेळाडू बाद न होता पुढच्या टप्प्यावर किती वेळा पोहोचतो, हे आकडे पाहून संघ बांधला गेला. 2002 मध्ये त्याने सलग 20 सामने जिंकले.

रायगडकरांना याचे नवल वाटू नये. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवत गेले: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, रक्तदाब. लाल विंचवाच्या विषाने आधी रक्तदाब भडकतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी होते. उतारा सापडला तो प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीत. मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आले. 1986 मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

केसपेपर मात्र अजूनही महिनाअखेरचा तक्ता भरला की गठ्ठ्यात जातात. किती रुग्ण तपासले, हे वर विचारले जाते. दंशानंतर किती वेळाने पहिली गोळी मिळाली, हा एक रकाना आरोग्य खात्याने पुढच्या यंत्रखरेदीआधी त्या तक्त्यात घालावा. त्याला निविदा लागत नाही.