तिथि आणि तिकीट

आम्हां ओझरकरांस विमानाचा आवाज नवा नाहीं. १९६४ सालीं येथें मिग विमानांचा कारखाना निघाला. वर्गांत विभक्ति शिकवीत असतां डोक्यावरून विमान जाऊं लागलें म्हणजे आवाज विरेपर्यंत आम्हीं थांबावें, हा परिपाठच होता. परंतु विमानाचें तिकीट विकलें कसें जातें, हें कळण्यास कन्येचें बाळंतपण यावें लागलें.

कन्या अमेरिकेंत असते. पहिलटकरीण, तेव्हां आईनें जवळ असावें हा तिचा हट्ट रास्तच होता. कंपनीचें भाडें ऐकून आम्हीं पेन्शनचें पुस्तक मिटून ठेविलें. इतक्यांत एका एजंटानें तेंच विमान दोघांचे मिळून तीस हजार रुपये कमी घेऊन देऊं केलें. ही फसवणूक तर नव्हे, अशी शंका मनांत आली.

ती फसवणूक नव्हती. या व्यापाराचें मर्म आमच्या निफाड तालुक्यांतील द्राक्षबागायतदारास चटकन् उमगेल. पिकलेला घड आणि विमानांतील जागा, दोन्ही नाशवंत. विमान उडालें कीं रिकाम्या जागेची किंमत शून्य. म्हणून ज्या जागा शिल्लक राहतील असें वाटतें, त्या कंपन्या घाऊक व्यापाऱ्यांमार्फत खाजगीरीत्या ठरलेल्या कमी दरानें विकतात. या व्यापाऱ्यांस कन्सॉलिडेटर म्हणतात. त्यांच्याकडून लहान एजंट तिकिटें घेतात, आणि आपली दलाली चढवून आपणांस देतात. जाहीर भाव न उतरवितां माल खपतो, हा कंपनीचा लाभ. ही रीत जुनी आहे. १९४५ सालीं हवाना येथें स्थापन झालेल्या ‘आयाटा’ या संघाच्या परिषदांत पूर्वीं भाडीं ठरत. तरी १९७० च्या दशकांत लंडनमधील कित्येक दुकानदार त्याहून कमी दरानें तिकिटें विकीत. त्यांस ‘बकेट शॉप’ असें नांव पडलें होतें.

मग सूट मिळते ती कशाच्या मोबदल्यांत? बहुधा, मन बदलण्याच्या स्वातंत्र्याच्या. आमच्या तिकिटाची तारीख बदलावयाची नव्हती व पैसेही परत मिळावयाचे नव्हते. एजंटानें हें वाचून दाखविलें, आम्हीं मान डोलाविली. डॉक्टरांनीं सांगितलेल्या दिवसाच्या दहा दिवस आधींची तारीख घेतली आणि आपण फार सावध आहों असें मानिलें.

नात तीन आठवडे आधींच आली. पहांटे फोन आला. एजंटानें व्यापाऱ्यास विचारलें, व्यापाऱ्यानें कंपनीस. उत्तर नकाराचें आलें. थेट कंपनीकडे गेलों, तर ज्याच्याकडून घेतलें त्याच्याकडे जा, असें सांगण्यांत आलें. नवीं तिकिटें घेण्याची आमची ऐपत नव्हती. सौ. अकरा दिवस बांधलेल्या बॅगेशेजारीं बसून होत्या. बॅगेंत डिंकाचे लाडू होते. बाराव्या दिवशीं, बारशाच्या वेळीं, आम्ही पोंचलों. सगळ्यांनीं योग साधला म्हटलें. परंतु बाळंतिणीस आई हवी असते ती पहिल्या दहा दिवसांत. दोष एजंटाचा नव्हे, व्यापाऱ्याचा नव्हे. तीस हजारांकडे पाहून मान डोलाविणाऱ्या आमचा होता.

वाचकांस एवढेंच सांगणें आहे. लग्न, मुंज, पदवीदान अशा ठरलेल्या दिवसासाठीं असें स्वस्त तिकीट खुशाल घ्यावें. आजारपण किंवा बाळंतपण असेल, तर चार पैसे अधिक देऊन तारीख बदलतां येईल असेंच घ्यावें. तारीख बदलण्याचें व रद्द करण्याचें शुल्क, कंपनीचें किती आणि एजंटाचें किती, हें आधीं लेखी मागावें. आणखी एक गोष्ट: एजंट सहा अक्षरांची खूण पाठवितो, ती केवळ जागा राखल्याची असते. तिकिटास तेरा अंकी क्रमांक असतो, व त्यांतील पहिले तीन अंक कंपनीचे असतात. तो क्रमांक हातीं येऊन कंपनीकडून त्याची खात्री होईपर्यंत तिकीट निघालें असें समजूं नये.

‘अतिथि’ शब्दाची फोड आम्ही तीस वर्षें मुलांस सांगत आलों: ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि. आमच्या घरीं असा अतिथि येणार होता, आणि त्याच्या भेटीसाठीं आम्हीं न बदलणाऱ्या तिथीचें तिकीट काढून ठेविलें होतें.