बंदराची सहल कशासाठी?

दरवर्षीच्या लेण्यांच्या सहलीऐवजी यंदा आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना न्हावा-शेवा बंदर दाखवून आणले, तेव्हा काही पालकांनी नापसंती व्यक्त केली. ‘लोखंडी पेट्या पाहायला एवढा खर्च कशाला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

मुळात लेणी आणि बंदर यांची फारकत करता येत नाही. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली तिथेच सापडला. कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा व कल्याण येथील दात्यांचे उल्लेख आहेत. व्यापाऱ्यांच्या दानातून भिक्खूंसाठी विहार आणि पाण्याची टाकी खोदली गेली. पुढे धर्मशास्त्राने समुद्रप्रवास कलिवर्ज्य ठरवला. त्यात देशाचे काय बुडाले, याचा हिशेब पाठ्यपुस्तकांत क्वचितच मांडलेला असतो.

आमच्या विद्यार्थ्यांना ओझे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कोणाची आई ऊसतोडीला जाते, कोणाचे वडील बाजार समितीत हमाली करतात. मुंबईच्या गोदीतही एके काळी पोती माणसांच्या पाठीवरूनच उतरत. १४ एप्रिल १९४४ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनीच, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटके भरलेली होती. शेकडो माणसे मेली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. जयंतीच्या भाषणांत या मृतांचा उल्लेख आम्ही तरी फारसा ऐकलेला नाही.

एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही; तरी पाठीवरचे ओझे उतरू लागल्याचे ते वर्ष, असे आम्ही वर्गात सांगतो. मात्र कंटेनरने पाठ मोकळी केली, तसा जगभरच्या गोदी कामगारांचा रोजगारही हिरावला, हेही सांगतो.

न्हावा-शेव्यात मुलांनी पाहिले ते असे: धक्क्यावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकच माणूस बसलेला. खाली पाहत तो वीस किंवा चाळीस फुटी कंटेनर जहाजावरून उचलतो आणि खाली उभ्या ट्रेलरवर अलगद टेकवतो. एका मुलीने विचारले, ‘‘सर, त्या काकांना इथे कामाला कोणी लावले?’’

या एका प्रश्नासाठी सहलीचा सारा खर्च सार्थकी लागला, असे आमचे मत आहे. हे बंदर १९८९ साली सुरू झाले ते सरकारी बंदर म्हणून, आणि सरकारी नोकरीत आरक्षण होते. पुढे एकेक टर्मिनल खासगी कंपन्यांकडे गेले. २०२२ साली प्राधिकरणाने स्वतःचे टर्मिनलही खासगी चालकाच्या हाती दिले. आता प्राधिकरण मुख्यतः जमीनमालक उरले आहे. क्रेनवर कोणाला बसवायचे हे कंपनी ठरवते आणि तिच्यावर आरक्षणाचे बंधन नाही. ‘मुलांनी कौशल्ये आत्मसात करावीत, संधी आपोआप येतील’ असे सांगणारे अर्धेच सत्य सांगतात. कौशल्य हवेच, पण त्याबरोबर खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्वाची मागणीही सोडता येणार नाही. आमची पिढी ज्या दारातून आत आली, ते दार मुलांच्या डोळ्यांदेखत अरुंद होत आहे.

जमिनीचाही प्रश्न आहेच. या परिसरात जानेवारी १९८४ मध्ये भूसंपादनाविरुद्ध लढताना पाच आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. परतीच्या बसमध्ये आम्ही हा इतिहास सांगितला, तेव्हा निम्मी मुले झोपली होती. जागी होती त्यांनी ऐकला.

पुढील वर्षीही ही सहल काढण्याचा आमचा विचार आहे. उरण-द्रोणागिरी परिसरातील टर्मिनलवर अथवा गोदामांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यालयात आपले नाव कळवावे. क्रेन चालवण्यासाठी कोणते प्रशिक्षण लागते, पाळी किती तासांची असते आणि ठेकेदार पगारातून किती कापून घेतो, हे मुलांना तुमच्याच तोंडून ऐकायचे आहे.