मालाची पारख आणि श्रमाची पारख

धान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्यास दोन प्रश्न जन्मभर विचारावे लागतात: माल कोठला, आणि त्यात भेसळ किती? पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहिल्याखेरीज आम्ही सौदा करीत नाही. परंतु आज आपल्या घरोघरी आणि कित्येक सभासदांच्या दुकानांतही मोबाईल, दूरदर्शन संच व तत्सम उपकरणे आली आहेत. ती घेताना किंमत व हमी यांपलीकडे आपण काही विचारतो काय?

मुळगावसारख्या गावी हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. येथील लोहखनिज परदेशी गेले. शेतांत उतरलेला खाणीचा गाळ मात्र येथेच राहिला. डिचोलीचा खाणपट्टा डिसेंबर 2022 मध्ये लिलावात गेल्यावर घरे, देवळे व शेते त्यातून वगळावीत, अशी मागणी गावकऱ्यांना करावी लागली. या खनिजाचे पोलाद ज्याने वापरले, त्यास मुळगावचे नावही ठाऊक नसेल. मोबाईलच्या बाबतीत तो दूरचा ग्राहक आपणच आहोत. बॅटरीस लागणारे कोबाल्ट बव्हंशी आफ्रिकेतील काँगो देशातून येते. तेथील हातखाणींत लहान मुलेही राबतात, ही गोष्ट ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने 2016 साली जगापुढे मांडली.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. कर्नाटकात कोलारजवळ नरसापूर येथे ॲपल कंपनीचे फोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात 12 डिसेंबर 2020 रोजी वेतनाच्या तक्रारींवरून कामगारांचा उद्रेक झाला. मोडतोडीचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु काही कामगारांना ऑक्टोबर व नोव्हेंबरचे वेतन उशिरा मिळाले, हे पुढे ॲपलनेच मान्य केले. त्यांतील बहुसंख्य कामगार कंत्राटी होते. पुढील वर्षी डिसेंबरातच तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या कामगार स्त्रियांना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली व 150 हून अधिक जणींना रुग्णालयात ठेवावे लागले. दोन्ही वेळी ॲपलने त्या पुरवठादारांस सुधारणा होईपर्यंत देखरेखीखाली ठेवले. विचारणारा ग्राहक असला म्हणजे उत्तर द्यावे लागते, एवढे यावरून सिद्ध होते.

अशा वेळी एक उत्तर ठरलेले असते: “माणसे आमची नव्हेत, कंत्राटदाराची.” धान्यबाजारास हे उत्तर नवे नाही. हमाल कोणाचा, दुकानदाराचा की मुकादमाचा, हा वाद आपल्या पेठांत वर्षानुवर्षे चालला. महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने तो मिटविला. व्यापाऱ्याने मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ती हमालास पोचवून त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची तरतूद करावी, अशी व्यवस्था झाली. तिच्यात दोष नाहीत असे नव्हे. तथापि तिने बाजार बुडाला नाही, आणि हमालास हक्काचे नाव मिळाले. जे पोते उचलणाऱ्याच्या बाबतीत शक्य झाले, ते फोन जोडणाऱ्या मुलीच्या बाबतीत अशक्य का असावे?

आपल्या शास्त्रकारांनी अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण व अन्नपाननिरोध यांची गणना केली आहे, आणि अचौर्याच्या अतिचारांत चोरून आणलेला माल घेणे सांगितले आहे. बुडविलेल्या मजुरीवर स्वस्त झालेला माल यांपैकी कोणत्या सदरात पडतो, हे प्रत्येकाने आपल्याशीच ठरवावे.

कोणी म्हणेल, डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या एका दुकानदाराने विचारून कोण ऐकणार? शंका रास्त आहे. एकट्याचे कोणी ऐकणार नाही. म्हणूनच संघ असतो. शिवाय हा उद्योग आता आपल्या दाराशी येऊ पाहत आहे. पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक सिटीची कोनशिला 13 नोव्हेंबर 2016 रोजी बसविण्यात आली. तेथे जे कारखाने उभे राहतील, त्यांत आपल्याच तालुक्यांतील मुले-मुली कामास जातील, आणि त्यांना धान्य, किराणा व इतर सामान पुरविणारे आपणच असू.

आमची सूचना अशी आहे. संघाने वितरकांस व अशा कारखान्यांस तीन प्रश्न लेखी विचारण्याचा प्रघात पाडावा. कंत्राटी कामगारास वेतन कोणत्या तारखेस व कोणाच्या हातून मिळते? जादा कामाचा मोबदला वेगळा दाखविला जातो काय? राहण्या-जेवणाची तपासणी कोण करते? मिळालेली उत्तरे वार्षिक सभेत वाचून दाखवावीत, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावेही वाचावीत. तुयेच्या कारखान्यात धान्याचे पोते उतरविण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारून मोकळे व्हावे. प्रामाणिक कारखानदारास त्यांचा राग येण्याचे कारण नाही.