नऊ जणींचा सत्कार

क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती हे महाराष्ट्राचे आवडते खेळ होत, असे जाणकार सांगतात. माझे मत जरा निराळे आहे. या तिन्हींना मागे टाकील असा आणखी एक मैदानी खेळ आपल्याकडे आहे आणि तो म्हणजे सत्कार! त्याला शाळेचे पटांगण लागते, एक शाल लागते, एक नारळ लागतो आणि हमखास उशिरा येणारे पाहुणे लागतात. सामना दोन-अडीच तास चालतो. शेवटी आभार मानणारे गृहस्थ उरल्यासुरल्या प्रेक्षकांना बाद करतात आणि खेळ आटोपतो.

यंदा गणपती झाल्यावर मला या खेळाची पूर्वतयारी अगदी जवळून पाहायला मिळाली. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला जाणारा जो रस्ता आहे, त्यावर आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. डोंगराच्या वळणावर मोटार आली की खाली एकदम दोन किनारे दिसतात, पांढरी वाळू दिसते आणि सुरूचे बन दिसते. बहुतेक मंडळी तेथे उतरून फोटो काढतात आणि नेवऱ्याच्या दिशेने पुढे जातात. मी मात्र मुक्कामालाच गेलो होतो, कारण माझी मावसबहीण तेथे दिलेली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, जवळच्याच एका हायस्कुलाच्या माजी विद्यार्थी मंडळाचे चिटणीस. शाळेच्या जुन्या नामांकित खेळाडूंचा दिवाळीच्या सुट्टीत सत्कार करायचा, असे मंडळाने ठरविले होते. त्याची बैठक भाऊजींच्या पडवीत भरली आणि घरात आलेला पाहुणा म्हणून मलाही पाट मिळाला.

यादी आधीच तयार होती. त्यात नावे आठ होती आणि आठही पुरुषांची. एक जण जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले, दोघे-तिघे कबड्डीतले, एक लांब उडीतले; त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका गृहस्थांनी शाळेला पाण्याची टाकी दिलेली होती. ते शाळेत असताना कोणता खेळ खेळत होते, असे मी सहज विचारले, तेव्हा सबंध समितीने सुपारी कातरायला घेतली.

कोपऱ्यात शाळेचे निवृत्त ड्रिलमास्तर बसले होते. वय ऐंशीच्या पलीकडे, पण पाठ ताठ. ते इतकेच म्हणाले, “खोखोच्या मुलींचं काय केलंत?”

पडवीत शांतता पसरली. शाळेच्या कपाटातली सर्वांत मोठी ढाल मुलींच्या खोखोची आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पंचेचाळीसएक वर्षांपूर्वी हा संघ जिल्हा जिंकून विभागीय स्पर्धेसाठी रात्रीच्या एस.टी.ने कोल्हापूरला गेला होता आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. पण ढालीवर नाव फक्त शाळेचे! धावल्या कोण, बसल्या कोण, याची नोंद कोठेच नाही. मास्तरांकडे मात्र एक जीर्ण वही होती आणि तिच्यात नऊ नावे होती.

वाचकहो, येथे थोडे थांबून खाशाबा जाधवांची आठवण काढू या. सत्काराचा विषय निघाला की मला ते हटकून आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा पैसा नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. कराडला परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लढविल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले, असे सांगतात.

नंतरची हकीकत एवढी गोड नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, निवृत्त झाले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ सालीच सुरू झाला होता. खाशाबांच्या नावे तो २००० साली, मरणोत्तर, जाहीर झाला. त्यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळायचे ठरले, ते २०२३ साली. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. आपल्याकडे सत्काराची गाडी अशी सावकाश येते. स्टेशनावर उतारू उरला आहे की नाही, हे ती पाहत नाही. माझ्या हिशेबी खाशाबांचा खरा सत्कार खर्डेकरांनी केला, आणि तोही पदकाच्या आधी.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर, भाऊजी आणि मी असे तिघे त्या नऊ जणींपैकी एकीकडे गेलो. ती वारे गावातच दिलेली, म्हणून तेवढीच ठाऊक. पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवते. आम्ही गेलो तेव्हा चुलीसमोर बसून घावन काढत होती. मास्तरांना पाहताच हात पुसत उठली आणि वाकून पाया पडली. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करावा तो हिनेच, असे मास्तर रस्ताभर सांगत आले होते. राज्याच्या संघाच्या निवड चाचणीसाठी तिचे नावही गेले होते. पण त्याच महिन्यात लग्न ठरले आणि चाचणी राहिली. तिने हे सांगितले, ते कोणाबद्दल रोष न ठेवता, पुढच्या घावनाचे पीठ ढवळत.

भाऊजींनी सत्काराचा विषय काढला. म्हणाले, “वहिनी, तुमचं नाव घातलंय यादीत. यायलाच हवं.”

ती हसली. “भावजी, मी एकटी येऊन काय करू? आठ जणी बसलेल्या नसतील, तर धावणारीनं खो द्यायचा कुणाला?”

आता याला काय उत्तर द्यायचे? खोखोत पाटीवर आठ जणी बसतात आणि नववी धावते, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. भाऊजींनी गणिते मांडून पाहिली, एका शालेच्या नऊ शाली होतात हेही त्यांच्या लक्षात आले. पण मास्तर तेथल्या तेथे म्हणाले, “नऊच्या नऊ येतील. नाहीतर कोणीच नको.”

बोलायला हे सोपे होते. यादीतले आठ पुरुष दोन दिवसांत सापडले होते, कारण आडनाव जन्मभर जागेवर राहते. मुलींचे तसे नसते. वहीत होती ती माहेरची नावे. त्यातली निम्मी माहेरे मुंबईला गेलेली आणि काही घरांना नुसतेच कुलूप. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप गेले, पण शोधायचे कोणत्या नावाने? कोणाचे आडनाव बदललेले, तर कोणाचे पाळण्यातलेही. जगाच्या दृष्टीने त्या खेळाडू मुली एकेका मांडवात गडप झाल्या होत्या.

तोड काढली ती आमच्या ताईने. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तिने खाली आणवली. तिच्यात तिच्या सासूबाईंनी जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका होत्या, हळदीकुंकवाच्या बोटांचे डाग अजून असलेल्या! सबंध दुपार आम्ही पडवीत त्या पत्रिका लावत बसलो. वहीतले नाव मास्तरांनी वाचायचे, ताईने पत्रिका शोधायची, भाऊजींनी सासरचे नाव लिहून घ्यायचे. संध्याकाळपर्यंत पाच जणींचा पत्ता लागला. एक देवरुखला, एक पुण्याला, दोघी नालासोपाऱ्याला, आणि एक चक्क रत्नागिरीतच, रोजच्या बाजारात भाऊजींना भेटणारी.

हे सर्व चालू असताना ताईचा दहावीतला नातू उंबऱ्यावर बसून ऐकत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवून चषक जिंकला. ते सामने त्याने दूरदर्शन संचावर पाहिले होते. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, हेही त्याला पाठ. त्याने विचारले, “आजोबा, खानावळवाल्या काकू खरंच खांबाजवळ सूर मारायच्या? जांभ्याच्या मैदानात?” मास्तरांनी स्वतःचा गुडघा दाखवून तिच्या गुडघ्यावरची जखम कोठून कोठपर्यंत होती, ते बोटाने आखून दाखविले.

मी निघालो तोवर आणखी एक सापडली होती. एक चार वर्षांपूर्वी वारल्याचे कळले. तिच्या मुलीला बोलवायचे ठरले. खानावळवाली धरून आठ झाल्या. नववीची पत्रिका ट्रंकेत नव्हती. परवा भाऊजींचा फोन आला, की तिचा भाऊ सावंतवाडीला असल्याचे समजले आहे आणि मास्तर स्वतः एस.टी.ने जाऊन येणार आहेत. सत्कार मात्र दिवाळीत नाही. तो आता मे महिन्यात ठेवला आहे, कारण माहेरवाशिणी आंब्यांच्या दिवसांतच येतात.